रफार

इतवारीतल्या दुकानात पोरानं रात्री
नवी आवृत्ती टाकली.
सकाळी निखाडेंनी पत्रिका उघडली
तर 'चि. सौ. कां.'पुढे नुसते चौकोन,
रफार अक्षरावरून उतरून बाजूला उभा.

"काऊन बे, जोडाक्षरांचं प्लगइन कुठी गेलं?"
"नवीनला ते चालत नाही नं, काका.
बनवणाऱ्यानंच सोडून देलं."

कूलर घरघरतो. बाहेर शेहेचाळीस.
निखाडे टेबलाखालून जुना डबा ओढतात,
धूळ फुंकतात,
तो जागा होईस्तोवर चहा संपतो.

मग टाइप करतात, एकेक कळ दाबत :
स्वर्गीय धनराज ढोक यांचे चिरंजीव.

रफार बसला बरोबर.

धनराजची पत्रिकाही याच डब्यावर जुळवली होती.
तेव्हा त्याच्या नावात
रफार कुठंच नव्हता.