अंगठा

पारोळा रोडला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवतो मी.
पिवळा, निळा, मागच्या फळीवर दोन मोर.
गिरासे मॅडमनी कॉलेजात बोलावलं ते हात पाहून:
"लोटनभाऊ, पातळ मारायचा. केसाहून पातळ.
ओघळ आला की सगळं फुकट."

पातं हातभर.
साक्रीच्या डोंगरावर फिरतात, त्यांचं पिल्लू.
आधी पांढरा हात, तो वाळल्यावर हा दुसरा,
फिकट गुलाबी, फ्रीजमध्ये औषधासारखा जपलेला,
उन्हात ठेवला तर मरतो म्हणे.

पूर्वी पात्याला भोकं पाडायचे.
साठ भोकं, साठ नळ्या,
आणि दोन भोकांच्या मधे वारा काय करतो
ते वाऱ्यालाच ठाऊक.

काम रात्री तीनला.
मे महिना, दिवसा धुळ्याचा पत्रा तापतो
आणि हा रंग उष्णतेचंही ऐकतो,
मग दाब कुठला नि ताप कुठला, निवडता येत नाही.

दिवे बंद. निळा झोत.
पातं लालसर पेटलं, अंधारात बिडीचं टोक पेटतं तसं.
पहिला फोटो बिनवाऱ्याचा.
पडद्यावर मोठा करून पाहिला
आणि माझ्या पोटात गोळा आला:
बुडाशी अंगठा.
माझाच. रेघन्‌रेघ.

मॅडम काही बोलल्या नाहीत. पंखा लावला.
भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं.
दुसरा फोटो.
डोळ्याला दोन्ही सारखेच.
"आता याला त्याने भागायचं," त्या म्हणाल्या.

भागलं.
समोरची कड, जिथे वारा आदळतो, ती काळवंडलेली.
पाठ उजळलेली, जिथे वारा ओढून घेतो.
मला उलटं वाटलं होतं.
हवेतला प्राणवायू रंगात घुसतो आणि उजेड गिळतो;
दाब वाढला की जास्त घुसतो.
मी आपलं अहिराणीत घोकून ठेवलं,
जठे दाब जास्ती, तठे उजेड कमी.
गॅरेजात सतरा वर्षं काढलेल्याला
हे फार नवीन नव्हतं.

अंगठा शोधला. नव्हता.
"दोन्हीकडे तोच होता ना, भागाकारात गेला.
रंग थोडा कमीजास्त बसला तरी चालतं, भाऊ."

चालतं, तर चांगलंच.
तरी मी दाराशी घुटमळलो.
तो पहिला, बिनवाऱ्याचा, मला मिळेल का?

मॅडमनी छापून दिला.
इतक्या ट्रॉल्या झाल्या, इतके मोर,
खाली नाव कधी टाकलं नव्हतं.