शनिवारचा काटा

शुक्रवारचा बाजार उठला
की शनिवारी सकाळी म्हापसा माझ्याकडे येतं
गाडीत बसून, वाटभर गळत.
मी काट्यावरचा कारकून.
भरली गाडी वजा रिकामी गाडी,
उरलं ते शहर.
वहीत लिहितो: चार टन दोनशे दहा.

त्या चार टनांत काय असतं
ते केंचव्वाला माहीत.
पत्र्याखाली, हलत्या पट्ट्याशी ती उभी असते सहापासून.
कोप्पळहून आली तेव्हा तिला समुद्र बघायचा होता.
अजून नीटसा बघितलेला नाही;
पण सुंगटांची टरफलं, बांगड्यांची डोकी,
तिसऱ्यांच्या शिंपल्या
रोज तिच्या हातांखालून जातात.

ओलं इकडे. सुकं तिकडे.
नाताळ सरला की नक्षत्रांचे बांबूचे सापळे,
बोडगेश्वराची जत्रा झाली की मणभर अबोली,
आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून बारा महिने
शिजवलेलं, न वाढलेलं.
गोळ्यांची रिकामी पाकिटं वाढली की ती म्हणते,
दुलेरकडे कुणीतरी अंथरूण धरलंय.
आणि बहुतेक खरं निघतं.

दहाच्या चहाला मला काचेचा पेला,
तिला कागदाचा.
हे कुणी ठरवलं, ठाऊक नाही.
तो कागदाचा पेला
दुपारी पट्ट्यावरून तिच्याकडेच परत जातो.

त्या शनिवारी तिनं हातमोजा उतरवला
तर आत अंगठा लाल.
नळाखाली धरला, फडकं गुंडाळलं,
मग कमरेला खोचलेला एक कागद काढून
माझ्या टेबलावर ठेवला,
भाताची शितं चिकटलेला, हुमणानं पिवळा.
"साहेबा, तुजें पत्र आयलां."

पतपेढीचा फाटका फॉर्म.
वाचता येत नाही तिला,
पण खाली माझी सही होती,
आणि ती तिनं ओळखली,
दर महिन्याला
तिच्या अंगठ्याशेजारी असते ना.

लोणच्याची बरणी. गुरुवारी ओट्यावरून पडलेली.
काचा मीच भरल्या त्या पिशवीत,
भाताबरोबर, काट्यांबरोबर,
खाली गाडीची घंटा वाजत होती म्हणून.
काच वेगळी, कागदात बांधून, वर खूण करून द्या,
ही पत्रकं वर्षभर मीच वाटतो.

मी म्हटलं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ये,
रजा भरपगारी मांडतो.
म्हणाली, सोमवारी.
आज ओलं फार आहे.
मागे पुढली गाडी काट्यावर चढली होती.
आकडा थरथरला, थांबला. मी लिहिला.
माफीचं तेवढं राहूनच गेलं.

महिनाअखेरीस पगाराच्या कागदावर
तिनं दुसऱ्या हाताचा अंगठा उमटवला.
वेगळ्या रेषा, पण रकान्यात बसल्या.
शेजारी मी सही केली.