पाऊणपट

बावीस वर्षं मी शिकवलं,
असं सेवापुस्तकात लिहिलंय.
भरडखोलच्या या दोन खोल्यांत
सुक्या मासळीचा वास आणि माझा आवाज,
यांतलं पोरांच्या अंगात काय जास्त मुरलं
हे कुणी तपासलं नव्हतं.

जुलैत शिकवलेले अपूर्णांक
गणपतीची सुट्टी संपल्यावर मी विचारले.
सहज. पुस्तकं मिटून.
एकोणीस पोरं, चार उत्तरं,
त्यातलं एक शेजारच्या वहीतून आलेलं.
"समजलं का?" म्हटल्यावर
"होऽऽय बाई" म्हणणारी हीच पोरं.
त्या सुरावर मी किती धडे पार केले असतील.

श्रीवर्धनच्या प्रशिक्षणात एका पोरसवदा मुलीने
फळ्यावर रेघ काढली होती,
उंचावरून सुरू होऊन घसरत जाणारी.
म्हणाली, विसरणं असं असतं.
आम्ही सगळ्यांनी ती वहीत उतरवून घेतली
आणि चहाला गेलो.

मग मी बोलणं कमी केलं.
लिहायला सोपं आहे हे.
प्रश्न विचारायचा आणि थांबायचं.
पत्र्यावर कावळा चालतो ते ऐकू येतं,
माझ्या जिभेवर उत्तर तयार, खाजतंय,
आणि हेमांगी पेन्सिल चावत
आत कुठेतरी शोधतेय.
तिच्या शोधण्यात पाय घालायचा नाही.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या.
नाव हवं, मार्क नकोत.
आज, परवा, मग आठवड्याने,
मग दिवाळी उलटल्यावर पुन्हा तेच.
"बाई, हे झालंय ना!" पोरं कुरकुरली.
कुंपणापलीकडे वलांडीवर मासळी उलटत
लतिकाची आय हसली:
"बोंबलाला एकदाच ऊन दावून भागतं का रं?"

हरेश्वर चोगलेच्या चिठ्ठीवर
पाच गुणिले तीन चतुर्थांश
बरोबर पंधरा विसांश.
वरही पाचने, खालीही पाचने,
कुणावर अन्याय नको.
लाल पेन उचललं होतं मी.
ठेवलं.

"आज तिथी कुठली रे?"
"पंचमी."
"भरती कधी?"
"पावणेचारला." खिडकीकडे न बघता.
"कसं काढलंस?"
"तिथीची पाऊणपट. आजा काढतो तसं."
"आणि पाऊण म्हणजे?"
"चारातले तीन..."
तिथे तो थांबला.
चिठ्ठीकडे बघत राहिला.

बंदरावरचा हरेश्वर आणि बाकावरचा हरेश्वर,
दोघांची आजवर गाठच पडली नव्हती.
मी ओळख करून दिली असती
तर ती टिकली नसती, बहुतेक.

पंधरा विसांश त्याने खोडला नाही.
शेजारी लिहिलं: पावणेचार.
खाली बारीक अक्षरात:
म्हणजे हा पाण्याचाच हिशोब होता?

सगळंच असं जुळत नाही.
ऱ्हस्व-दीर्घ अजून तसेच वाहून जातात.
केंद्रप्रमुख दारात उभे राहून म्हणाले,
वर्ग एवढा गप्प कसा, बाई?
अभ्यासक्रम दोन धडे मागे.
मी शेऱ्याखाली सही केली.
खरं होतं ते.

परवा सुमय्या मुकादमने
टेबलावर एक चिठ्ठी सरकवली.
मागच्या बाजूला फेब्रुवारीचा आठवडा छापलेला.
"बाई, गेल्या सोमवारी मी तुम्हाला
काय विचारलं होतं?
डायरी मिटून सांगा."

एकोणीस पोरं गप्प.
हेमांगीने पेन्सिल तोंडातून काढली.
हरेश्वरला उत्तर ठाऊक होतं,
त्याच्या ओठांवर दिसत होतं,
पण त्याने दिलं नाही.

कावळा पत्र्याच्या या टोकापासून
त्या टोकाला गेला.
मी डोळे मिटले
आणि सोमवार शोधू लागले.