दोघी एकच

शनिवारी गडहिंग्लजात, गूळवाल्याच्या माडीवर
आम्ही टेबल मांडतो.
सुभेदार तवनाप्पा मगदूम, गुडघा बदललेले,
आणि मी, सिग्नलचा हवालदार,
आता नुसता अर्ज लिहिणारा.
खालच्या ढेपांचा वास कागदांत मुरतो.
रेकॉर्ड ऑफिसातला बाबू
आमची पत्रं बहुतेक हुंगूनच ओळखत असेल.

काल नेसरीकडची म्हातारी आली.
सात महिने पेन्शन बंद.
आधारकार्डावर शेवंता.
पलटणीच्या कागदावर बाळाक्का.
वर शेरा : सदर महिला वेगळी.

सुभेदार तडकले.
तीन पत्रं, दोन स्मरणपत्रं,
एकदा स्वतः जाऊन बाकावर दिवसभर बसले होते,
छातीला पदकं लावून.
कुणी चहासुद्धा विचारला नव्हता.

मी विचारलं, आजी, बाळाक्का कोण?
ती गप्प.
मग पदर तोंडाला लावून म्हणाली,
“मीच की. म्हायारची.
लग्नात सासूनं तांदळात दुसरं लिवलं.
ह्यांनी कधी नावानं हाकच न्हाई मारली.
आन तिकडं जाऊन
ह्ये लिवलं व्हय?”

प्रतिज्ञापत्र केलं : शेवंता व बाळाक्का
या दोघी एकच.
अंगठा झाला, सुभेदारांनी सही ठोकली.
तिचा पाय निघेना.
“त्यो जुना कागुद दावा. कुठं हाय त्ये?”
मी ओळीवर बोट ठेवलं.
तिनं अंगठा ठेवला,
निळ्या शाईचा, ओलाच.

ती झेरॉक्स बाद झाली.
साहेबांसाठी दुसरी काढली, दोन रुपयांची.
डागाची तिनं मागून घेतली,
चार घड्या घालून
चोळीत ठेवली.