फुटाला एक सूत

पंधरा वर्षं पुरी झाली खात्याला.
पोस्टातल्या बाईंनी पासबुक मशीनमधून काढलं,
म्हणाल्या, "सहा लाख एकाहत्तर हजार.
काढणार, की पुढं वाढवणार?"
मागं रांग होती. म्हटलं, उद्या सांगते.

महिन्याला दोन हजार, एकदाही खाडा नाही.
एकोणीसच्या पुरात पासबुक पाण्यात गेलं,
पानं फुगली, शाई फुटून निळं पाणी झालं.
पण पोस्टातले आकडे कोरडे होते.
त्या कोरडेपणावर डोकं टेकून झोपत आले आजवर.

इरफान मुजावर आमच्या फाउंड्रीत मोल्डिंगला, मी हिशेबाला.
चहाच्या सुट्टीत वाळूनं माखलेल्या अंगठ्यानं
मोबाइलवर आकडे सरकवत म्हणाला,
"ताई, हेच दोन हजार फंडात टाकले असते
तर दहा लाखांच्या वर असतासा आज.
करमाफ करमाफ म्हणून काय कवटाळून बसलायसा?
बाळसंच धरलं नाही त्या पोराला
दृष्ट लागणार नाही म्हणून खूश व्हायचं व्हय?"

हसले. खोटं नव्हतं बोलणं.
पण वीस सालचा मार्चही मीच पाहिलाय:
भट्टी धगधगतेय, आणि इरफान
मोबाइल उपडा ठेवून, डबा न उघडता बसलाय.
धाकट्या बहिणीचा निकाह ठरलेला.
त्यानं विकले तेव्हा भाव तळाला होते.
निकाह थाटात झाला.
नंतर बाजार चढला, तेव्हा तो फक्त बघत होता.

आणि आम्ही पंचगंगेकाठची माणसं.
जुलै लागला की सकाळी उठून आधी
राजाराम बंधाऱ्याचे फूट आणि इंच बघायचे.
एकोणचाळीस झाले की ट्रंका माळ्यावर,
त्रेचाळीस झाले की माणसं पाहुण्यांकडं.
तो एक महिनाच अंगावर येतो.
तसं बारा महिने जगायचं?

रात्री आबांची पेटी उघडली.
उद्यमनगरात चाळीस वर्षं पॅटर्न केले त्यांनी,
सागवानातून पंपाची कवचं, दात्यांची चाकं.
पेटीत दोन पट्ट्या, दिसायला सख्ख्या बहिणी.
लहानपणी मी घरच्या अभ्यासाला चुकीची नेली
आणि भूमितीत सगळे त्रिकोण मोठे आले.
आबा हसले होते पोट धरून:
"ती ओतकामाची पट्टी, बाळे.
लोखंड निवताना आकसतं,
म्हणून तिचा फूट एक सूत लांब असतो.
जे आकसणार, ते आधीच मोठं धरायचं."

दोन्ही पट्ट्या पासबुकाशेजारी ठेवल्या.
खातं उघडलं त्या साली पापाच्या तिकटीवर
साडेतीनशेला जोड घेतला होता चपलांचा.
परवा तसाच घेतला, तेराशेला.
पासबुकात पैसे निवत होते आणि आकसत होते,
आवाज न करता, करमाफ,
आणि मी साध्या पट्टीनं मोजत होते पंधरा वर्षं.

आबांना विचारलं असतं तर म्हणाले असते,
ओतून झालेल्याला ठोकत बसू नये, तडा जातो.

सकाळी पोस्टात फॉर्म भरला: पाच वर्षं पुढं.
सहा लाख एकाहत्तर हजार तिथंच राहू देत.
इरफानला म्हटलं, या महिन्यापासूनचे दोन हजार
तुझ्या त्या फंडात कसे टाकायचे, दाखव.
"दोनच?" तो म्हणाला.
"दोनच. आणि ते आकडे रोज बघायचं ॲप
माझ्या मोबाइलवर घालायचं नाही."
तो मान हलवून वाळू चाळायला गेला.

पहिला हप्ता गेल्याचा मेसेज आला पाच तारखेला.
दुपारी वेळ होता.
तरी बघितलंच मी, काय भाव चाललाय ते,
आणि मग उगाचच
बंधाऱ्याची पातळीही बघितली. एप्रिल होता.