नोंद चारशे सतरा

परिभाषा समितीची तिसरी बैठक.
मे महिना, धंतोली. कूलरमधला वाळा
जुन्या पाण्याचा वास सोडत होता
आणि आम्ही पाचजण एका किड्यासाठी
शब्द शोधत बसलो होतो.

रूपांतर, म्हणाले फडणीस सर.
पण ते तर कादंबरीचं नाटकात होतं.
कायापालट? तो बसस्थानकांचा होतो,
निवडणुकीच्या आधी.
कायांतरण. कागदावर बरं दिसत होतं,
तोंडात मात्र भातातला खडा.

मी म्हटलं, अंतर म्हणजे दुसरेपण,
आणि दोन ठिकाणांमधली जागाही.
या शहरात असा एक शब्द आहे
जो उच्चारताना माझे वडील सरळ बसत.
त्याच्याही शेवटी अंतरच आहे,
आणि ते त्यांनी पायी कापलं होतं
कामठीहून, उसन्या पांढऱ्या सदऱ्यात.
सर म्हणाले, विषयावर या.

मी विषयावरच होते.

तेवढ्यात चहा घेऊन आले नत्थूजी हेडाऊ,
प्रयोगशाळेचे, राहणार तांडापेठ.
तक्त्यावरच्या कोषाकडे बघत म्हणाले,
"आमच्यात त्याले फुटला म्हणते, मॅडम.
कोसा फुटला.
पाखरू बाहेर आलं का धागा जागोजागी तुटते,
मंग तो लुगड्याच्या कामाचा नाही राह्यत.
माह्यी माय रातीच उकडून घेये सारे.
सकायी घरभर वास."

आणि एखादा राहून गेला तर?

"मंग शिव्या देये,
अन् खिडकी उघडे."

कपबशा वाजल्या, ते गेले.
टेबलावर आमचा कोश पडला होता,
चारशे सोळा नोंदींचा,
एकसलग, गुळगुळीत,
एकही न फुटलेला.

मतदान झालं. कायांतरण, चार विरुद्ध एक.
व्याख्येत अळी आली, कोषावस्था आली, प्रौढ आला;
मधे आत कुणीच उरत नाही,
नुसता रस असतो काही दिवस,
हे बसवायला जागा नव्हती.

शुद्धप्रत माझ्याकडे होती.
नोंदीखाली मी बारीक अक्षरात लिहिलं,
पाहा : फुटणे.

सरांनी ते खोडलं. लाल पेनने, दोनदा,
इतकं दाबून
की मागच्या पानावर 'कीटक' या शब्दाला
भोक पडलं.
उजेडाकडे धरलं की दिसतं.