उखर्डूचा ओटा

अमळनेरात, चोपडा रस्त्याला, माझं भंगाराचं दुकान.
लोखंड वेगळं, पत्रा वेगळा, पितळ गल्ल्यापाशी.
वस्तूंची नावं मी विसरलोय,
भाव पाठ आहेत.

उखर्डू बेलदार यायचा सोमवारी,
बाजार उठल्यावर.
तासभर ढीग उपसायचा आणि न्यायचा एवढंसं:
झाकण नसलेली सायकलची घंटी,
जिनिंगच्या करवतीचं दात पडलेलं चाक,
जात्याचा खुंटा, हातांनी गुळगुळीत झालेला.
तोलायला घेतलं की म्हणायचा,
"ऱ्हाऊ दे भो, हाई काटावर नको ठेवू."

एकदा गेलो त्याच्या घरी, बोरीच्या काठाला,
उधारी मागायला.
शेणानं सारवलेला ओटा.
त्यावर माझाच माल.
ओळखू येईना.

खुंट्याशेजारी वीतभर जागा सोडून
लहान पोराची एकच चप्पल.
चपलेकडे तोंड करून रेशनच्या रॉकेलचं माप.
एक कुलूप. एक किल्ली, दुसऱ्याच कुठल्या कुलपाची.
दोघं पाठ करून बसलेली,
लग्नात रुसलेल्या व्याह्यांसारखी.

मी हसलो.
न राहवून चप्पल सरकवली, खुंट्याला चिकटवली,
आणि सगळा ओटा पुन्हा भंगार झाला.
तो बोलला नाही. वीत मोजून
चप्पल होती तिथं ठेवली.
आणि कुणीतरी दळता दळता थांबलंय,
अंगणात पावलं वाजतात का ऐकतंय,
असं मला वाटलं.
त्याला काय वाटत होतं, विचारलं नाही.

"हाई कोठे शिकना तू?"
हात झटकत म्हणाला, नावातच शे.
आधीची तीन गेली, चौथा मी.
जन्मलो तसा उकिरड्यावर ठेवला,
शेजारणीनं उचलला,
"आन् पायलीभर ज्वारी दिसन
मायनी माले परत लिधं."

उधारीचं मी काढलं नाही.
त्यानंच दिली. चाळीस रुपये, सुट्टे.

काल एक बाई पितळेचा गडू घेऊन आली.
काठावर कोरलेलं नाव, अर्धं घासून गेलेलं.
काट्यावर ठेवला. आठशे ग्रॅम.
मग का कोण जाणे, उचलला
आणि काट्याशेजारी ठेवला,
वीतभर जागा सोडून.

बाई म्हणाली,
"काय झालं? कमी भरला का?"